आधी दारू की आधी उदासी? खानापूर तालुक्यातल्या एका फौंड्री कामगाराचं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. गाव, वय, कामाची जागा असे ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत. घरात आणि गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथेही आप्पाच.

पार्श्वभूमी

आप्पा ४७ वर्षांचे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात दोन एकर, त्यात भात आणि रताळी. पण घर चालायचं ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवर. वीसेक वर्षं मोल्डिंगचं काम, तेही कंत्राटी. घरी म्हातारी आई, बायको, आयटीआय करणारा मुलगा. मुलीचं लग्न झालेलं, त्याचं कर्ज अजून सोसायटीत.

पिणं सुरू झालं अठ्ठाविसाव्या वर्षी. शनिवारी पगार झाला की गेटबाहेर चौघांबरोबर. भट्टीजवळ दिवस काढलेल्या माणसाने संध्याकाळी थोडी घेतली तर आपल्याकडे कुणी वाईट म्हणत नाही, त्यामुळे पुढची दहा-बारा वर्षं ते कुणाच्या डोळ्यावरही आलं नाही. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे तिकडची देशी दारू, बंद झाली आणि तिची जागा स्वस्तातल्या पाकिटांनी घेतली. ९० मिलीचं पाकीट दिसायला फळांच्या रसाच्या डब्यासारखं, खिशात मावणारं. त्यात ४२.८ टक्के मद्यार्क, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमच्याकडे, तालुक्याच्या दवाखान्यात, आले तेव्हा आप्पांची दिवसाची चार पाकिटं होत होती: एक पहाटे हात थरथरू नयेत म्हणून, एक जेवणाच्या सुट्टीत, दोन रात्री. एकूण सुमारे १२० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत पुरुषासाठी दिवसाला १०० ग्रॅमच्या वर म्हणजे सगळ्यात धोक्याचा गट. घरच्यांच्या हिशेबात मात्र ती ‘फक्त चार पाकिटं’ होती.

अडचण

आप्पा उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते, असं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारावर उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्के निघालं होतं. आप्पा उरलेल्या १४ टक्क्यांत मोडतील असे. दोन वर्षांत त्यांनी चार दारं ठोठावली होती.

पोट जळतं म्हणून एका डॉक्टरांकडे गेले, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. किती पिता, हे विचारलं गेलं नाही. झोप येत नाही म्हणून दुसरीकडे गेले, तिथे झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या ते दारूवरच घेऊ लागले. दोन्ही मेंदूला गुंगी आणणारी, एकत्र घेतली तर श्वासच मंदावू शकतो. मग एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात दोन महिने. तिथे ते प्यायले नाहीत. पण जेवायचे नाहीत, कोपऱ्यात बसून राहायचे. ‘मनाने सहकार्य करत नाही’ असा शेरा घेऊन घरी आले आणि आठवड्यात पुन्हा सुरू. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं तर सांगण्यात आलं, ‘आधी दारू बंद करून या, मग बघू.’

एकीकडे म्हणतात हे मनाचं, दुसरीकडे म्हणतात हे दारूचं. वहिनी, म्हणजे आप्पांची बायको, मला म्हणाल्या, “दोघंबी खरं सांगत असतील हो, पण आम्ही जायाचं कुठं?”

मग एका सकाळी धाकट्या भावाला ते शेतातल्या खोपीत एकटे बसलेले सापडले, फवारणीचं औषध शेजारी. काही झालं नाही. घरच्यांनी चार दिवस ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण पोलिसांत केस होईल अशी भीती. ही भीती आजही घराघरांत आहे. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रत्यक्ष प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा न करता उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. पाचव्या दिवशी वहिनींनी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना सांगितलं आणि त्यांनी मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. कर्नाटकाच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुका पातळीवर मानसोपचारतज्ज्ञ बसतात. मी तिथे समुपदेशनाचं काम पाहते.

पहिली तपासणी

डॉक्टर कन्नडभाषक, आप्पांचं कन्नड फौंड्रीपुरतं. मधे दुभाषी म्हणून मुलगा. सीमाभागातल्या दवाखान्यात हे रोजचंच आहे आणि ताप-खोकल्याला ते चालूनही जातं. इथे मात्र हा पहिला निर्णयाचा क्षण होता. ‘जगू नये असं वाटतं का’ हा प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून बापाला विचारायचा? आणि विचारला तरी बाप खरं बोलेल? डॉक्टरांनी मुलाला केसपेपर काढायला पाठवलं आणि मला मराठीतून विचारायला सांगितलं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रोज पहाटे जाग येते तीन-साडेतीनला. तवा वाटतं, आज उठलोच नसतो तर बरं झालं असतं. मग पाकीट काढतो. ते प्यालं की दोन तास काय वाटत न्हाई.”

या चार वाक्यांत दोन्ही आजारांची गाठ दिसते. दारूने झोप लवकर लागते, पण तिचा अंमल उतरला की मेंदू उलट जास्त चेतवला जातो आणि पहाटे जाग येते. तीव्र नैराश्यातही पहाटेची जाग आणि सकाळचं जड मन हीच खूण. म्हणजे एकाच वेळेला दोन्ही आजार आप्पांना उठवत होते, आणि त्यावर त्यांना सापडलेलं औषध पुढच्या रात्रीची झोप आणखी बिघडवत होतं.

दारूच्या वापराची दहा प्रश्नांची ऑडिट चाचणी घेतली, ४० पैकी २९ गुण आले. २० किंवा त्याच्या वर अवलंबित्वाची दाट शक्यता मानतात. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी २२, म्हणजे तीव्र. पण पिणाऱ्या माणसाचे हे गुण तसेच्या तसे धरता येत नाहीत. रोज पिणाऱ्या बऱ्याच जणांची उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत निम्म्याहून खाली येते, वेगळ्या औषधाशिवाय. ‘आधी दारू सोडा, मग बघू’ या सल्ल्यामागे हेच कारण असतं. सल्ला निराधार नाही. पण सोडायची कशी आणि तोवर माणूस जिवंत राहील का, ही जबाबदारी तो सल्ला कुणावरच टाकत नाही.

कागदावरची रेघ

उदासी दारूतून आली की दारूच्या आधीपासून आहे, हे ठरवायला रक्ताची तपासणी नसते. आयुष्याचा क्रम लावावा लागतो. आम्ही कागदावर आडवी रेघ ओढली. वर पिण्याचा इतिहास, खाली मनाचा. एका बैठकीत तो पुरा झाला नाही आणि एकट्या आप्पांकडून तर झालाच नसता.

सगळ्यात मोलाची माहिती आजींनी, म्हणजे आप्पांच्या आईने दिली. चोविसाव्या वर्षी, वडील गेल्यावर सहा महिन्यांनी, आप्पा जवळजवळ तीन महिने अंथरुणाला खिळले होते. अन्न नको, बोलणं नको, भजनात पखवाज वाजवायचे तो सोडला. तेव्हा दारूचा थेंबही घेत नव्हते. कुणी तरी करणी केली म्हणून देवऋष्याकडे नेलं, अंगारे झाले, हळूहळू आपोआप उठले. घरच्यांनी त्याला आजार मानलंच नव्हतं, त्यामुळे आधीच्या चारही ठिकाणी ते कुणी सांगितलं नाही. आणि कुणी विचारलंही नाही.

दुसरी खूण २०२० ची. २५ मार्चला टाळेबंदी लागली. कर्नाटकातली दारूची दुकानं उघडली ती ४ मेला. मधल्या काळात आप्पांना काही मिळालं नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, भट्टी पेटवा म्हणून ओरडत होते, अंगाला घाम, ताप. दोन दिवसांनी शांत झाले. मग महिनाभर कोरडे, तरी मन खालीच. याला मी फार वजन देणार नाही. फौंड्री बंद, पगार बंद, तेव्हा तालुक्यात कुणाचं मन वर होतं? पण त्या तिसऱ्या रात्रीला मात्र फार वजन होतं.

समोरचे पर्याय

घरात चार मतं होती. भावाचं म्हणणं, त्याच केंद्राची गाडी बोलावून पुन्हा टाकावं. आजींचं म्हणणं, माळ घालावी. माळ घातलेला माणूस पीत नाही आणि गावही त्याला पाजत नाही, हे आमच्या भागात खरंच चालतं. मुलाने मोबाइलवर एक पावडर पाहिली होती, जेवणात न कळत घालायची. वहिनींना वाटत होतं, घरीच थोडी थोडी कमी करू, बोभाटा नको.

पावडरीचं आधी बोलावं लागलं. अशा पुड्यांत काय आहे हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरामसारखं औषध निघालं आणि माणूस न कळत त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. जो माणूस आठवड्यापूर्वी शेतात औषध घेऊन बसला होता, त्याच्या ताटात चोरून काही घालणं म्हणजे उरलासुरला विश्वासही संपवणं. मुलाने ऐकलं.

घरी कमी करण्याचा पर्याय २०२० च्या तिसऱ्या रात्रीमुळे बाद झाला. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात आणि भ्रम, भास, ताप हे दोन ते चार दिवसांत. एकदा असा भ्रम झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणसं दगावतात. त्यामुळे केंद्राची गाडीही नको, कारण तिथे रात्री डॉक्टर असतील याची खात्री नव्हती.

माळेला आम्ही नाही म्हटलं नाही. आजींना एवढंच सांगितलं की आधी दवाखाना, माळ आप्पांनी स्वतः मागितली तेव्हा.

राहिला रुग्णालयात भरतीचा पर्याय. बेळगाव किंवा धारवाड. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, पण वहिनींना रोज ये-जा शक्य नव्हती. बेळगावात सोबतीला पाळीपाळीने माणूस राहू शकत होता. डॉक्टरांनी बेळगाव ठरवलं आणि ते बरोबर होतं असं मला वाटतं. कितीही चांगली जागा असली तरी सोबतीचं माणूस टिकलं नाही तर चौथ्या दिवशी रुग्ण ‘घरी न्या’ म्हणतो.

काय केलं

निघण्यापूर्वीच एक काम झालं. फवारणीची सगळी औषधं भावाने खोपीतून आणि घरातून काढून त्याच्या सासुरवाडीला कुलुपात ठेवली. जिवावर उठण्याची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची असते, त्या मिनिटांत साधन हाताशी नसणं हाच मोठा उपचार. मुलाला आणि वहिनींना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये घालून दिला.

भरती दहा दिवस. आधी थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं. सलाइनमधून ग्लुकोज त्यानंतर, कारण कुपोषित पिणाऱ्याला थायमिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यकृताच्या तपासण्या बऱ्याच वाढलेल्या, म्हणून थरथर आणि झटके टाळण्यासाठी यकृतावर कमी भार टाकणारं लोराझेपाम, रोज कमी करत नेलं. तिसरी रात्र घामात गेली, पण मुंग्या दिसल्या नाहीत.

दहाव्या दिवशी नैराश्याचे गुण १७. उतरले होते, पण पुरेसे नाही. इथे दुसरा खरा निर्णय आला. नैराश्याचं औषध आत्ता सुरू करायचं की आणखी तीन आठवडे थांबून बघायचं? थांबण्याच्या बाजूने चांगली कारणं होती: गुण उतरते होते आणि विनाकारण वर्षभराची गोळी मागे लागू नये. पण चोविसाव्या वर्षीचा, दारूच्या आधीचा तो काळ होता, आणि ‘उठलोच नसतो तर’ हे वाक्य दहाव्या दिवशीही तसंच होतं. शिवाय नैराश्याचं औषध लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात. थांबून मग सुरू केलं तर सगळ्यात धोक्याचे दोन महिने बिनआधाराचे गेले असते. डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं. आजींची ती आठवण कागदावर नसती तर बहुधा थांबले असते, असं त्यांनीच सांगितलं.

ओढ कमी करणाऱ्या औषधात यकृताचा अडसर होता. नाल्ट्रेक्सोन दिवसाला एक गोळी, सोयीची, पण यकृत सुधारेपर्यंत नको. अकॅम्प्रोसेट यकृतावर बसत नाही, पण दिवसाला सहा गोळ्या. फौंड्रीत दुपारच्या दोन गोळ्या चारचौघांसमोर घ्यायच्या म्हणजे सगळ्या शॉपला बातमी. सुरुवातीला तेच दिलं, कारण आप्पा तेव्हा घरी होते. तीन महिन्यांनी यकृताच्या तपासण्या सुधारल्यावर नाल्ट्रेक्सोनवर आणलं.

बोलण्याच्या उपचारात आम्ही फार मोठं काही केलं नाही. नैराश्यातला माणूस ‘बरं वाटलं की काम करीन’ म्हणतो. आम्ही क्रम उलटा लावला: सकाळी सात वाजता रताळ्याच्या शेतावर, मन असो नसो. गुरुवारी भजनाला, वाजवायचं नाही, नुसतं बसायचं. तिसऱ्या गुरुवारी कुणी तरी पखवाज पुढे सरकवला.

कामावर परतताना शनिवार हा मुद्दा होता. पगार रोख, गेटबाहेरच दुकान. पैसे वहिनींनी उचलावेत असं भाऊ म्हणत होता. आप्पांना तो अपमान वाटला. कंत्राटदाराने पगार बँकेत टाकायला होकार दिला आणि आप्पांनी पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे चारच्या बसला सोबतीची माणसं मिळतात.

पुन्हा घसरणं

गणपतीत प्यायले. चौथ्या महिन्यात. विसर्जनाच्या वेळी आमच्याकडे दुकानं बंद असतात, पण सीमेवरच्या माणसाला बंदीचा फारसा अर्थ नसतो. इकडे बंद तर शिनोळीला महाराष्ट्रात, नाही तर चोर्ला घाटातून गोव्याची बाटली कुणाच्या तरी गाडीत असतेच. तीन दिवस पिणं झालं.

चौथ्या दिवशी वहिनींनी आशाताईंना फोन केला. पूर्वी त्यांनी महिनाभर लपवलं असतं. आम्ही विचारलं तेव्हा कळलं की गोळ्या पिण्याच्या पंधरा दिवस आधीच थांबल्या होत्या. बरं वाटायला लागलं म्हणून आप्पांनी सर्ट्रालिन सोडलं, मग झोप गेली, मग मन गेलं, आणि गणपतीत हात पुढे आला. घरच्यांना दिसली ती दारू. सुरुवात झाली होती ती गोळीपासून. पिणं तीन दिवसांचंच असल्याने थरथर सौम्य होती, दोन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात लक्ष ठेवून औषधं पुन्हा सुरू झाली.

आजची स्थिती

वर्ष झालं. त्या गणपतीनंतर पिणं नाही. नैराश्याचे गुण ५ ते ७ च्या आसपास. पहाटेची जाग कधी तरी येते, तेव्हा ते उठून चूल पेटवतात. कार्तिकीच्या आधी त्यांनी स्वतःहून माळ घातली. नैराश्याची ही दुसरी खेप असल्याने औषध दोन वर्षं तरी चालू ठेवावं असा डॉक्टरांचा सल्ला आहे, आणि तो दर महिन्याला पुन्हा सांगावा लागतो. सोसायटीचं कर्ज आहे तेवढंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पोटाच्या तक्रारीवेळी पिण्याचे तीन प्रश्न विचारले असते तर दोन वर्षं वाचली असती. त्याला तज्ज्ञ लागत नाही. आणि झोपेच्या गोळ्या लिहिण्यापूर्वी तर ते विचारायलाच हवेत. निवासी केंद्रातले दोन महिने हाच खरा तर निदानाचा सोन्यासारखा काळ होता: दारू नाही, तरी माणूस जेवत नाही. आठ आठवडे कोरडं राहूनही उदासी टिकली ही नोंद कुणी तारखेनिशी केली असती, तर पुढच्या डॉक्टरांना ‘आधी दारू सोडा’ म्हणायचं कारणच उरलं नसतं.

बरं वाटू लागलं की औषध बंद होण्याची शक्यता वाढते. सणाआधीची एक भेट ठरवून ठेवण्याची पद्धत आता आम्ही सगळ्यांसाठी सुरू केली आहे: गणपती, गावची जत्रा, आणि ज्यांची ये-जा गोव्याकडे आहे त्यांच्यासाठी काजूचा हंगाम, हुर्राकामुळे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूमुळे.

आणि वहिनी. सगळं वर्ष त्या प्रत्येक मंगळवारी आल्या, पण केसपेपर आप्पांचा. अकराव्या महिन्यात आशाताईंनी त्यांना तेच नऊ प्रश्न विचारले, तर गुण १४. त्यांचं वजनही उतरलं आहे. पिणाऱ्याच्या बायकोला पहिल्या भेटीतच हे प्रश्न विचारले जावेत यासाठी आम्ही केसपेपरला दुसरं पान जोडलं आहे. वहिनींचं म्हणणं, नवरा सुधारला, आता मला काय झालंय. शिवाय मंगळवारी दवाखान्यात आलं की त्या दिवसाची रोजगाराची मजुरी बुडते, आणि घरातून दोघांची मजुरी एकाच दिवशी बुडवणं त्यांना पटत नाही. सध्या असं ठरलंय की आप्पांच्या गोळ्या मुलगा नेईल आणि तो मंगळवार वहिनींचा. पहिल्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या मंगळवारी आल्या, आप्पांना बरोबर घेऊन.